पाठीखालची ऊब



थंडीचे दिवस आले की घरोघर एकच तयारी सुरू होते. पेटाऱ्यातल्या गोधड्या, घोंगड्या, रजया बाहेर निघतात, उन्हात पडतात आणि रात्री एकावर एक अंगावर येतात. सगळं लक्ष असतं ते 'पांघरायला काय' याच्याकडे. 'अंथरायला काय' हा प्रश्न आपण पाठीला मऊ लागावं एवढ्यापुरताच विचारतो. घरात, जमिनीवर झोपणाऱ्याचं त्यात फारसं बिघडत नाही. पण ज्याला उघड्यावर, जमिनीपासून वर, अधांतरी झोपायचं आहे, त्याची सारी रात्र या दुसऱ्या प्रश्नावर अवलंबून असते.

असे झोपणारे आपल्याकडे दोन प्रकारचे. एक म्हणजे शेतावर राखणीला किंवा रात्रीच्या पाण्याच्या पाळीला गेलेले. ते बाजेवर झोपतात, नाहीतर माळ्यावर. दुसरा प्रकार अलीकडचा आहे. डोंगरात भटकणारी तरुण मंडळी आणि शाळा-कॉलेजांची शिबिरं आता दोन झाडांना बांधायची कापडी झोळी बरोबर नेतात. इंग्रजीत तिला हॅमॉक म्हणतात. आपण तिला टांगती झोळी म्हणू. ही झोळी गुंडाळली तर पिशवीत मावते. खडक, उतार, ओल, मुंग्या, विंचू यांच्यापासून ती माणसाला वर उचलून धरते. सोय मोठी आहे. पण डिसेंबरातल्या रात्री तीत झोपलेल्यांची एक तक्रार हमखास असते. ते म्हणतात, "अंगावर दोन घोंगड्या होत्या, छाती उबदार होती, तरी पहाटे पाठ आणि कुल्ले बर्फासारखे गार पडले." मग दुसऱ्या रात्री ते अंगावर तिसरी घोंगडी घेतात, आणि पाठ पुन्हा गारच पडते.

असं का होतं, आणि त्यावर नेमकी किती जाडीची दुलई खालून लावावी, हे आज समजून घेऊ.

आधी ही झोळी आली कुठून ते पाहा, म्हणजे दुखणं कळेल. तिचं माहेर वेस्ट इंडीज बेटांकडचं. १४९२ साली कोलंबस त्या बेटांवर उतरला, तेव्हा तिथले लोक विणलेल्या जाळीच्या झोळ्यांत झोपत असलेले त्याला दिसले. तिथल्या ताइनो लोकांच्या भाषेतला 'हमाका' हा शब्द स्पॅनिश भाषेत गेला आणि त्याचंच पुढे इंग्रजीत 'हॅमॉक' झालं. मग ही झोळी युरोपच्या गलबतांवर गेली. सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांच्या आरमारानं ती खलाशांसाठी घेतली. जहाज डोललं तरी झोळीतला माणूस खाली पडत नाही आणि दिवसा ती गुंडाळून जागा मोकळी करता येते, हा तिचा गुण होता. मात्र खलाशी तीत नुसता झोपत नसे. पाठीखाली तो एक पातळ गादी घालत असे.

आता असं पाहा. झोळी जन्मली ती उकाड्याच्या देशात. अंगाखालून वारा खेळावा आणि पाठीला घाम येऊ नये, यासाठीच ती केलेली. आपण उन्हाळ्यात अंगणात बाज टाकतो ती याच सुखासाठी. म्हणजे पाठीखालून उष्णता नेणं हे झोळीचं कामच आहे. तीच झोळी आपण डिसेंबरात सह्याद्रीच्या माथ्यावर नेऊन बांधली, तर ती आपलं काम सोडणार थोडीच! उन्हाळ्यातला गुण हिवाळ्यात दोष होतो, एवढंच.

पण मग पाठीखाली जाड गोधडी अंथरली की झालं, असं तुम्ही म्हणाल. काही प्रमाणात होतं, पण पुरतं होत नाही. याचं इंगित पिंजाऱ्याला विचारावं. जुनी रजई दोनतीन हिवाळे वापरली की तिच्यातला कापूस दबतो, गोळे होतात आणि रजई थंड लागू लागते. आपण ती पिंजाऱ्याकडे देतो. तो कापूस पिंजतो, पुन्हा भरतो, टाके घालतो आणि तीच रजई पुन्हा ऊब देते. वजन तेच आणि कापूसही तोच. मग वाढलं काय? तर कापसात अडकलेली हवा वाढली.

ऊब कापसात नसते आणि लोकरीतही नसते. ऊब असते ती तंतूंच्या जाळीत अडकून स्थिर राहिलेल्या हवेत. स्थिर हवेतून उष्णता फार हळू जाते. पाण्याशी तुलना केली तर हवेतून ती वीसपट तरी हळू जाते. कापूस, लोकर, पिसं यांचं काम एकच, ते म्हणजे हवेला जागच्या जागी धरून ठेवणं. हवा हलली की ऊब गेली, आणि हवा दाबून बाहेर काढली तरीही ऊब गेली.

आता झोळीतल्या माणसाकडे पुन्हा बघा. त्याच्या अंगावरची रजई फुगलेली आहे, तिच्यात हवा आहे. पाठीखालची गोधडी मात्र त्याच्या पन्नास-साठ किलो वजनाखाली चेपून कागदासारखी झाली आहे. तिच्यातली हवा निघून गेली. तिच्याखाली झोळीचं एकपदरी कापड आहे आणि त्याखालून रात्रभर गार वारा वाहतो आहे. जमिनीवर झोपणाऱ्याचीही गोधडी चेपतेच. पण खालची जमीन निदान हलत नाही, आणि दिवसभर ऊन खाल्लेली माती पहाटेच्या हवेइतकी गारही नसते. त्यातून कोणी पेंढा पसरून झोपला, तर ताठ काड्यांमुळे पेंढ्यातली हवा टिकते. झोळीला यातलं काहीच नाही. तिच्याखालची हवा क्षणाक्षणाला बदलते आणि येणारी प्रत्येक झुळूक थोडी थोडी ऊब उचलून नेते.

यावर ज्यानं कोणी तोड काढली त्याचं डोकं चांगलं चाललं. त्यानं दुलई झोळीच्या आत घातली नाही. ती झोळीच्या बाहेरून, खालच्या अंगानं टांगली. माणसाचं वजन झोळी पेलते आणि दुलई नुसती खालून येऊन तिला टेकते. वजन नाही म्हणून ती चेपत नाही, चेपत नाही म्हणून हवा टिकते, आणि हवा टिकते म्हणून पाठ उबदार राहते. परदेशात हिला अंडरक्विल्ट म्हणतात. आपण 'खालची दुलई' म्हणू.

मग प्रश्न राहतो तो जाडीचा. खालची दुलई किती जाड हवी? शिक्षकांनी हे गणित फळ्यावर मांडून दाखवावं. सातवी-आठवीच्या मुलांना ते सहज समजेल.

झोपलेलं मोठं माणूस शरीरातून साधारण ७० ते ७५ वॉट उष्णता बाहेर टाकत असतं. पूर्वीच्या तारेच्या दिव्याइतकी म्हणा ना. अंगाची कातडी असते सुमारे पावणेदोन ते दोन चौरस मीटर. म्हणजे दर चौरस मीटरला ४० वॉट पडले. त्यातला साधारण चौथा हिस्सा श्वासावाटे आणि न दिसणाऱ्या घामावाटे जातो. उरले ३० वॉट, ते पांघरुणातून आणि अंथरुणातून जातात. झोपेत कातडीचं उष्णतामान सुखाचं वाटावं तर ते सुमारे ३३ अंश सेल्सियस असावं लागतं. पांघरूण-अंथरूण असं हवं, की बाहेर गार हवा असताना त्यातून दर चौरस मीटरला तीसच वॉट निसटावेत, जास्त नाहीत.

आता हिशोब असा. ३३ मधून हवेचं उष्णतामान वजा करा आणि आलेल्या आकड्याला ३० नं भागा. दुलईच्या बाहेरच्या अंगाला हवेचा एक पातळ थर चिकटलेला असतो, तोही थोडी ऊब धरतो. त्याच्याबद्दल ०.१ वजा करा. फुगलेल्या कापूस-लोकरीसारख्या भरणातून उष्णता जाण्याचा आकडा ०.०४ च्या आसपास असतो, त्यानं गुणा. उत्तर येईल ते मीटरमध्ये जाडी. उदाहरणार्थ हवा १० अंश आहे. ३३ वजा १० म्हणजे २३. भागिले ३० म्हणजे ०.७७. त्यातून ०.१ गेले, राहिले ०.६७. गुणिले ०.०४ म्हणजे ०.०२७ मीटर. झाली २.७ सेंटिमीटर जाडी.

असंच करत गेलं तर २० अंशांना १.३ सेंटिमीटर, १५ अंशांना २, १० अंशांना २.७, ५ अंशांना ३.३ आणि ० अंशाला ४ सेंटिमीटर जाडी येते. म्हणजे पारा ५ अंश उतरला की पाऊण सेंटिमीटरला थोडी कमी अशी जाडी वाढवायची.

ज्यांच्याजवळ पट्टी नाही त्यांनी बोटानं मापावं. आपल्या बोटाची रुंदी दोन सेंटिमीटरच्या जवळपास असते. म्हणून लक्षात ठेवायला सोपं असं, की १५ अंशांना एक बोट, ८ अंशांना दीड बोट आणि शून्याला दोन बोटं. ही जाडी वर हवी तितकीच खालीही हवी. वर तीन बोटं घेतली आणि खाली काहीच नाही, तर तो हिशोब फुटक्या घागरीचा झाला. वरून कितीही ओता, खालून गळणारच.

जाडी मोजायची ती दुलई झटकून, फुगवून, सपाट पसरून पाच-दहा मिनिटं तशीच ठेवल्यावर. वर एक पोस्टकार्ड अलगद ठेवावं आणि शेजारी पट्टी उभी धरावी. हातानं दाबू नये. जिथे टाके आहेत तिथे दुलई पातळ आणि दोन टाक्यांच्या मध्ये फुगलेली असते. दोन्हीकडे मोजून सरासरी धरावी. जुन्या लुगड्यांची चारपाच पदरी गोधडी अशी मोजून पाहा. एक सेंटिमीटरही भरणार नाही. ती मायेची असली तरी १० अंशांच्या रात्री एकटीनं पुरणारी नाही, हे आकड्यानंच दिसेल.

पण हवेचं उष्णतामान कोणतं धरायचं? इथेच पुष्कळांचा हिशोब चुकतो. संध्याकाळी मुक्कामाला पोचलो, हवा छान वाटली, म्हणून तोच पारा धरून चालत नाही. रात्रीचा पारा सर्वांत खाली जातो तो सूर्योदयाच्या सुमाराला. दुलई निवडायची ती त्या घटकेसाठी. आणि सरासरी रात्रीसाठीही नाही, तर त्या दिवसांत येऊ शकणाऱ्या थंड रात्रीसाठी. जानेवारीत मुंबई-रत्नागिरीकडे रात्रीचा पारा साधारण १७ ते १९ अंशांवर असतो. पुणे-नाशिककडे तो १०-१२ च्या आसपास येतो. थंडीची लाट आली की तो याहून बराच उतरतो, आणि निफाडसारख्या ठिकाणी ५ अंशांच्याही खाली गेलेला आपण ऐकतो. तेव्हा नाशिक जिल्ह्यात जानेवारीत शिबिर घ्यायचं, तर १२ अंशांची नव्हे, ५ अंशांची तयारी हवी.

त्यात तीन गोष्टी आणखी ध्यानात घ्याव्या. पहिली उंची. दर हजार मीटर चढलं की हवा सुमारे साडेसहा अंशांनी गार होते. पायथ्याच्या गावापासून ७५० मीटर चढून गडावर मुक्काम केला, तर गावच्या पाऱ्यातून पाच अंश वजा करा. दुसरी गोष्ट खोलगट जागा. रात्री गार हवा जड होऊन पाण्यासारखी उताराला लागते आणि खळग्यात साचते. महाबळेश्वराला गावातल्या पाऱ्यापेक्षा वेण्णा तलावाच्या काठचा पारा कितीतरी खाली असतो आणि काही हिवाळ्यांत तिथे दव गोठून पानं पांढरी होतात, ती याचमुळे. म्हणून झोळी ओढ्याच्या पात्रात किंवा तळ्याच्या काठाला बांधू नये. थोडं वर, आडोशाच्या अंगाला बांधावी. झाड दाट असेल तर आणखी चांगलं, कारण निरभ्र आभाळाखाली उष्णता वर निघून जाते, ती पानांखाली थोडी अडते. तिसरी गोष्ट वारा. मघाच्या हिशोबात दुलईबाहेरचा हवेचा पातळ थर धरला होता. वाऱ्यात तो राहत नाही, शिवाय वारा दुलईच्या आतही शिरतो. वाऱ्याच्या जागी अर्धं बोट जाडी जास्त धरावी, आणि वाऱ्याच्या अंगाला ताडपत्रीचा आडोसा करावा.

माणसा-माणसातही फरक असतो. लहान मुलांचं अंग वजनाच्या मानानं मोठं, म्हणून ती लवकर निवतात. म्हाताऱ्यांच्या अंगात उष्णता कमी तयार होते. दमलेला आणि उपाशी माणूसही लवकर गारठतो. स्लीपिंग बॅगची ऊब मोजण्याची जी युरोपची पद्धत २००२ साली ठरली आणि २०१६ साली जगभरासाठी मांडली गेली, तिच्यातही हा भेद आहे. सुखाचा आकडा ठरवताना बाईची झोप प्रमाण मानतात आणि शेवटच्या मर्यादेचा आकडा ठरवताना पुरुषाची, कारण बायकांना साधारणपणे थोडी जास्त ऊब लागते. शिबिराला मुली असतील, लहान वर्ग असतील, तर अर्धं बोट वाढवून धरावं. ऊब जास्त झाली तर दुलईची दोरी सैल करून वारा आत घेता येतो. कमी पडली तर पहाटे तीन वाजता ती कुठून आणणार?

आता बाजारच्या मालाविषयी. खालची दुलई विकत मिळते, तिच्यावर बहुधा एक आकडा छापलेला असतो. हा आकडा वाचताना जपावं. अमेरिकेकडच्या मालावर तो फॅरनहाइटचा असतो. तिथला ४० म्हणजे आपले साडेचार अंश, आणि तिथला २० म्हणजे शून्याखाली सुमारे सात अंश. '२०' वाचून कोणी आपल्या २० अंशांची दुलई समजून घेतली, तर पैसे उगाच जास्त जातील. उलट सेल्सियसचा १० लिहिलेली दुलई फॅरनहाइटची समजून बर्फात नेली, तर जिवावर बेतेल. दुसरं असं, की स्लीपिंग बॅग ज्या पद्धतीनं तपासतात ती पद्धत खालच्या दुलईसाठी नव्हे. तिच्यावरचा आकडा बहुतेकदा बनवणाऱ्यानं आपल्या अनुभवानं घातलेला असतो. म्हणून आकडा पाहावा, पण त्याच्याबरोबर जाडी बोटानं मोजावी, आणि छापील आकड्यापेक्षा पाच अंश वरच तिची हद्द आहे असं समजून चालावं.

भरण कशाचं आहे तेही विचारावं. हंस-बदकांच्या छातीवरची मऊ पिसं सर्वांत हलकी आणि सर्वांत फुगणारी. पण ती महाग असतात आणि भिजली की लगदा होऊन बसतात. कृत्रिम धाग्याचं भरण थोडं जड आणि थोडं जागा खाणारं असतं, पण ते दमट हवेत दगा देत नाही आणि खिशालाही परवडतं. कोकणात, घाटमाथ्यावर, दवाच्या जागी तेच बरं. लोकर ओलसर झाली तरी बरीच ऊब धरते, म्हणून तर आपला धनगर पावसाळ्यातही घोंगडी खांद्यावर टाकून निघतो. कापूस कोरडा आणि पिंजलेला असेल तोवर उत्तम, पण तो ओल धरतो, दबतो आणि वाळायला वेळ घेतो. घरच्या जवळ, कोरड्या माळावर कापसाची रजई चालेल. पाठीवर घेऊन गडावर जायचं तर ती ओझ्याची होईल.

दुलई चांगली घेतली तरी बांधण्यात चूक झाली तर सगळं फुकट जातं. दोन चुका नेहमीच्या. एकीत दुलई सैल लोंबते, तिच्यात आणि झोळीत चार बोटांची पोकळी राहते, त्या पोकळीतून वारा आरपार जातो. दुसरीत दोरी इतकी आवळलेली असते, की दुलई ताणून झोळीला चिकटते आणि पुन्हा चेपते. बरोबर बांधणी कोणती? झोळीत एकानं नेहमीसारखं निजावं. दुसऱ्यानं खाली वाकून झोळी आणि दुलई यांच्यामध्ये तळहात घालून पाहावा. हात सहज जावा, पण दोन्ही बाजूंना कापड लागावं. डोक्याकडचं आणि पायाकडचं तोंड दोरीनं आवळून बंद करावं, कारण वारा तिथूनच शिरतो. खांद्यापासून गुडघ्यापर्यंतच येणारी आखूड दुलईही मिळते. ती घेतली तर पायांखाली झोळीच्या आत एखादी घडी घातलेली घोंगडी ठेवावी लागते. पाय हलके, त्यामुळे तिथे चेपण्याचा त्रास कमी.

आता बाजेवर आणि माळ्यावर झोपणाऱ्यांसाठी. तुम्हाला विकतची दुलई घ्यायचं कारण नाही. तत्त्व तेच वापरा. घरातली जाडशी जुनी रजई बाजेच्या खालून, चारी खुरांना बांधून अशी टांगा, की ती विणीला हलकेच टेकेल. तरटाचं पोतं उसवून त्यात कोरडा पेंढा सैल भरला आणि ते विणीखाली बांधलं, तरी चालेल. बाजेच्या चारी बाजूंनी जमिनीपर्यंत तरट सोडलं तर खालचा वारा अडतो, आणि वारा अडला की निम्मं काम झालं. माळ्यावर फळ्यांच्या फटी पेंढ्यानं बुजवा आणि वर हातभर पेंढा पसरून मग अंथरूण घाला. पेंढा दबला, की दोनचार दिवसांनी उलटापालटा करा. पेंढ्याजवळ विडी, कंदील, चूल मात्र नको.

आणि एक कळकळीचं सांगणं आहे. पाठ गारठते म्हणून मध्यरात्री बाजेवरून उतरून उघड्या जमिनीवर झोपू नका. मण्यारीचा दंश बहुधा जमिनीवर झोपलेल्या माणसाला, झोपेतच होतो. तो फारसा दुखत नाही, सूजही येत नाही आणि म्हणून कळतही नाही. बाज आणि माळा ही आपली मोठी राखण आहे. बाज सोडायची वेळ येऊ नये, म्हणून बाजेखालची ऊब नीट करायची.

तशीच शेगडीची गोष्ट. झोळीखाली किंवा बाजेखाली निखारे ठेवण्याचा मोह होतो. ते करू नका. कापड, सुंभ, पेंढा पेटायला ठिणगी पुरते, आणि कृत्रिम धाग्याचं कापड वितळून अंगाला चिकटतं. बंद खोलीत किंवा तंबूत शेगडी ठेवली तर वास नसलेला विषारी वायू साचतो आणि झोपलेला माणूस उठतच नाही. शेकायचं ते बाहेर, जागेपणी, आणि झोपण्याआधी विस्तव विझवून.

शिबिराला मुलं नेणाऱ्या गुरुजींनी आणि बाईंनी थंडी बाधल्याची चिन्हं ओळखून ठेवावी. शरीराच्या आतलं उष्णतामान ३५ अंशांच्या खाली गेलं, की धोका सुरू होतो. आधी मूल थडथडतं, बोटं नीट चालत नाहीत, बटण लावता येत नाही. मग बोलणं जड होतं, ते गुंगल्यासारखं करतं. थडथडणं थांबलं पण मूल सुस्त पडलं, तर बरं वाटलं असं समजू नका. ते अधिक वाईट चिन्ह आहे. ओले कपडे काढून कोरडे घाला, वाऱ्यातून आत न्या, वरून आणि खालून दोन्हीकडून गुंडाळा. शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर गरम गोड पेय द्या. हातपाय जोरानं चोळू नका, दारू तर मुळीच देऊ नका, आणि डॉक्टरांकडे नेण्याची व्यवस्था लगेच करा.

हे सगळं मुलांच्या मनावर ठसावं म्हणून शाळेत एक छोटा प्रयोग करा. सारख्या आकाराच्या दोन बाटल्या घ्या. दोन्हींत सारखंच, कढत पण हाताला सोसवेल असं पाणी भरा. कापसाचे सारख्या वजनाचे दोन भाग करा. एक भाग पिंजून, फुगवून पहिल्या बाटलीभोवती सैल गुंडाळा. दुसरा दुसऱ्या बाटलीभोवती गुंडाळून सुतळीनं करकचून आवळा. दोन्ही बाटल्या दोरीनं टांगून वाऱ्यात ठेवा. दर दहा मिनिटांनी थर्मामीटर घालून पारा लिहा. मात्र तो प्रयोगशाळेतला घ्यावा, तापाचा नव्हे. अर्ध्यापाऊण तासात दोन आकड्यांतला फरक मुलांना दिसेल. मग विचारा, 'आवळलेल्या कापसातून काय निघून गेलं?' उत्तर मुलंच देतील.

शिबिराची तारीख ठरली, की आधी एका थंड रात्री शाळेच्याच आवारात एक झोळी बांधा आणि कोणीतरी मोठ्या माणसानं तीत पहाटेपर्यंत झोपून पाहावं. पाठ गार पडली तर अर्धं बोट वाढवा, घाम आला तर कमी करा. झोपण्याआधी पोटभर जेवण, कोरडे मोजे, कानावर टोपी आणि लघवीला जाऊन येणं, या साध्या गोष्टी सर्वांकडून करवून घ्या. बरोबर न्यायच्या सामानाची यादी करताना प्रत्येक मुलाच्या नावापुढे दोन रकाने आखा, एक 'वर'चा आणि एक 'खाली'चा. दोन्ही रकान्यांत बोटांचं माप लिहिलेलं असल्याशिवाय त्या मुलाची तयारी पुरी झाली असं समजू नका.